सिबिलचा स्क्रीनशॉट पाठवा

ब्रोकरचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी अंधेरी पूर्वेला, महाकाली केव्हज रोडवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात उभ्या होतो. पडद्याचा रॉड घ्यायचा होता. खिडकीचं माप भाचीने आदल्या संध्याकाळी ओढणीने घेतलं होतं आणि माप संपलं तिथे ओढणीला गाठ मारून ठेवली होती. दुकानदार ओढणी टेपला लावून बघत होता, साडेचार फूट म्हणाला, आणि फोन वाजला. "मॅडम, ओनरचं जमत नाहीये. मुलीचा सिबिल कमी आहे. टोकन परत करतो." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. रॉड कापायचा राहिला. तिने ओढणीची गाठ सोडली, ओढणी खांद्यावर घेतली आणि आम्ही बाहेर पडलो.

भाची संगमेश्वरची. सीप्झमध्ये दागिन्यांच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. तीन वर्षं तिने मरोळला पीजीत काढली. एका खोलीत चौघी, आणि प्रत्येकीला कपाटाचा एकेक कप्पा. आता मैत्रिणीबरोबर वन बीएचके घ्यायचं ठरवलं होतं. भाडं ३८ हजार, डिपॉझिट दीड लाख, टोकन १० हजार. ब्रोकरने मागितलं ते सगळं दिलं: आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ऑफिसचं ओळखपत्र. शेवटी, अलीकडेच सुरू झालेली ती मागणी आली: सिबिलचा स्क्रीनशॉट पाठवा. तिने पाठवला. आकडा होता ६३४.

हा आकडा कुठून आला ते मी तिच्या शेजारी बसून शोधलं. तीन वर्षांपूर्वी तिने हप्त्यावर फोन घेतला होता, धाकट्या भावासाठी. दहा हप्ते. शेवटच्या हप्त्याच्या वेळी नोकरी बदलल्यामुळे पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. दुसऱ्या दिवशी तिने तो यूपीआयने भरला. पुढच्या आठवड्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्रही ईमेलवर आलं: येणं काही बाकी नाही. पण हप्ता परत गेल्याचा दंड, ५०० रुपये आणि वर जीएसटी मिळून ५९०, कंपनीच्या खात्यावर तसाच राहिला. तिला कुणी कळवलं नाही, कुणी मागितला नाही. दर महिन्याला मात्र क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद होत राहिली: थकबाकी, ५९० रुपये. दोन वर्षांहून जास्त काळ.

५९० रुपयांपायी एका मुलीचं घर गेलं. मला याचा संताप आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

सिबिल ही कंपनी २००० साली सुरू झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत, तरी कुठल्याही कंपनीच्या आकड्याला आपण सिबिलच म्हणतो. आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांचे पैसे माणूस वेळेवर फेडतो का, एवढंच तो सांगतो, आणि तेही बँकेला कर्ज द्यायचं की नाही हे ठरवता यावं म्हणून. भाचीने मरोळच्या पीजीचं भाडं तीन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरलं. त्यातला एकही महिना त्या रिपोर्टमध्ये नाही. तिच्या बँक स्टेटमेंटमध्ये मात्र ओळीने सहा महिने दिसत होते, आणि ते स्टेटमेंट ब्रोकरच्या मोबाइलमध्ये पडलेलं होतं. भाडं वेळेवर देईल का, हा घरमालकाचा प्रश्न. त्याचं उत्तर हातात असताना ते भलत्याच कागदात शोधलं गेलं.

आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचं काय? त्याला आकडाच नसतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुना इतिहास नाही म्हणून नाकारू नका, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांनाही सूचना आहे. बँक जिथे थांबते तिथे वन बीएचकेचा मालक पुढे जातो, हे कसं चालेल?

आणखी एक गोष्ट भाडेकरूंना माहीतच नसते. क्रेडिट माहिती कंपन्यांचा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार तुमचा रिपोर्ट कुणाला बघता येतो हे ठरलेलं आहे, प्रामुख्याने बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था. फ्लॅटचा मालक त्यात बसत नाही. तो स्वतः कंपनीकडे जाऊन तुमचा रिपोर्ट काढू शकत नाही, म्हणूनच तुमच्याकडे स्क्रीनशॉट मागतो. म्हणजे दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. भाचीला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

दोन आठवड्यांनी ब्रोकर टोकन द्यायला आला. हो, दोन आठवड्यांनी, तेही चार फोन केल्यावर. तो फ्लॅट तोवर एका कुटुंबाला गेला होता. मी सहज विचारलं, त्यांचा सिबिल किती होता? त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "फॅमिली आहे मॅडम, त्यांना कशाला?"

या एका वाक्याने मला सगळं कळलं. आकडा कमी होता हे खरं, पण नकार आकड्याने दिला नव्हता. नकार आधीच ठरलेला होता, दोन अविवाहित मुली म्हणून. आकडा नंतर हाताशी आला. पूर्वी मालकाला तोंडाने सांगावं लागायचं, आम्ही मुलींना देत नाही, आम्ही अमक्यांना देत नाही. आता तीन अंक पुढे करता येतात. कुणी वाद घालू शकत नाही, कुणाला अपमान झाल्यासारखं वाटायला नको, आणि मालकालाही रात्री शांत झोप लागते. हे मला जास्त भयंकर वाटतं.

दुसरं घर चकाल्याला पाहिलं. तोवर भाचीने रिपोर्टमधली चूक दुरुस्त करून घेतली होती, आकडा ७३८ झाला होता. मालक तयार होता. पण सोसायटीच्या ऑफिसात एक फॉर्म भरायचा होता. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं एका बाजूला कललेली. नाव, मूळ गाव, विवाहित की अविवाहित, व्हेज की नॉनव्हेज, पाहुणे किती वेळा येतात, रात्री यायची वेळ. तिने सगळं खरं लिहिलं. व्हेज-नॉनव्हेजच्या रकान्यासमोर तिचं पेन थोडं थांबलं, मग तिने लिहिलं, 'मासे'. सेक्रेटरी वयस्कर गृहस्थ, बोलायला सौम्य. फॉर्म वाचून म्हणाले, "बेटा, तुझ्याबद्दल काही नाही. पण कमिटीचा रूल आहे, बॅचलर नाही घ्यायचे." ती म्हणाली, "काका, रूल कुठे लिहिलाय, दाखवाल का?" ते म्हणाले, "असं सगळं लिहिलेलं नसतं."

लिहिलेलं असतं. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी राज्य सरकारचे आदर्श उपविधी आहेत. त्यातला ४३ क्रमांकाचा उपविधी सांगतो की सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. कळवायचं. परवानगी मागायची नाही. ज्या सोसायट्यांनी हे उपविधी स्वीकारले आहेत, तिथे भाडेकरूची मुलाखत घ्यायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? पोलीस व्हेरिफिकेशनचंही तेच. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती माहिती आहे, चारित्र्याचा दाखला नाही. अंधेरीत व्हेरिफिकेशनचा उच्चार असा होतो की एखाद्या मुलीला वाटावं, आपल्यावर काहीतरी संशय आहे.

मालकांची भीती मी खोटी मानत नाही. वर्सोव्यापासून मरोळपर्यंत असे कितीतरी निवृत्त लोक आहेत ज्यांची औषधं आणि जेवणखाण त्या एका फ्लॅटच्या भाड्यावर चालतं. भाडेकरू दोन महिने थकला, घर सोडेना, की त्यांचं सगळं गणित कोसळतं. जुन्या भाडेकरू कायद्याने मुंबईत मालकांच्या दोन पिढ्या पोळल्या आहेत, ती धास्ती रक्तात आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये याची सोय आहे. २४ वं कलम सांगतं की लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं, आणि तोवर त्याच्याकडून भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई घेता येते. ५५ वं कलम म्हणतं की करार लेखी हवा, नोंदणी झालेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी केली नाही आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाचं खरं संरक्षण इथे आहे. नोंदणीचे हजार रुपये आणि थोडी स्टॅम्प ड्युटी वाचवायची आणि मग मुलीच्या मोबाइलमधल्या आकड्यावर विसंबायचं, यात शहाणपण नाही.

पण नकार नेहमी भाडं बुडण्याच्या भीतीतून येत नाही. घर नाकारण्याची आपल्याकडची सर्वात ठळक गोष्ट १९१७ सालची, बडोद्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून संस्थानच्या नोकरीसाठी तिथे गेले. राहायला जागा कुणी देईना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात ते पारशी नाव लावून राहिले, रोजचे दीड रुपये देऊन. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला त्यांनी विचारलं, दोघांनीही टाळलं. मग ते कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पुढे त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या अकरा दिवसांत भाडं थकलं होतं का? नाही. त्यांच्या ऐपतीबद्दल कुणाची तक्रार होती का? नाही.

पुढे संविधान आलं. त्याच्या १५ व्या कलमाने दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते सगळ्यांना खुले केले. खाजगी मालकाचं भाड्याचं घर त्या यादीत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारश्यांना देण्याचा नियम वैध ठरवला. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं त्यात आहे, पण नकाराबद्दल तोही गप्प आहे. म्हणजे नाकारल्या गेलेल्या माणसाकडे अजूनही हातात धरायला फारसं काही नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी बाईला, ती मराठी आहे म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली गेली. तिने व्हिडिओ टाकला आणि महाराष्ट्र पेटला. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. योग्यच झालं. मला तेव्हा जो राग आला तो आजही आहे. पण त्याच रागाने मी माझ्या ओळखीतल्या मराठी सेक्रेटरींना, मराठी फ्लॅटमालकांनाही विचारते: मुसलमान मुलगा ब्रोकरबरोबर आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ईशान्येकडची मुलगी आली तेव्हा? एकट्या राहणाऱ्या घटस्फोटित बाईला? आराम नगरला ऑडिशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोराला? मुलुंडला आपल्याला लागलं ते यांनाही लागतं. आपण तेव्हा कुणाच्या बाजूला उभे होतो, हे आपल्याला आठवायला हवं.

सिबिल तपासण्याबद्दल अमेरिकेतल्या नातेवाइकांना विचारलं तर ते सांगतात, तिकडे क्रेडिट तपासल्याशिवाय अपार्टमेंट मिळतच नाही. नव्याने गेलेल्या इंजिनियरलाही तिथे रेकॉर्ड नसल्यामुळे जास्तीचं डिपॉझिट भरावं लागतं किंवा कुणाची हमी आणावी लागते. खरं आहे. पण त्या देशात १९७० पासून एक कायदाही आहे. रिपोर्टवरून घर नाकारलं तर मालकाने भाडेकरूला तसं कळवायचं, रिपोर्ट कुठल्या कंपनीचा ते सांगायचं, आणि भाडेकरूने ६० दिवसांत मागितला तर त्या कंपनीने रिपोर्ट फुकट द्यायचा, म्हणजे त्यात चूक असेल तर त्याला ती दुरुस्त करून घेता येते. आपण तपासणी उचलली. कळवण्याची जबाबदारी तिकडेच राहिली.

म्हणून, घर शोधायला निघालेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. ब्रोकरला भेटायच्या आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने आकडा कमी होत नाही. फक्त आकडा पाहून थांबू नका, एकेक खातं उघडून बघा. जुना फोन, फ्रिज, ऑनलाइन खरेदीचे 'नंतर भरा' वाले पैसे, बंद केलेलं कार्ड. चूक दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा आणि तारीख लिहून ठेवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, २०२४ च्या एप्रिलपासून. भाचीचं काम बाविसाव्या दिवशी झालं, कारण कंपनीचं ते 'बाकी नाही' पत्र तिने जपून ठेवलं होतं. तरीही अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, १४४४८ हा त्यांचा क्रमांक. आणि जुनी थकबाकी मिटवताना खबरदारी घ्या: कंपनीचा माणूस अर्ध्या पैशात 'सेटल' करतो म्हणतो, तेव्हा रिपोर्टमध्ये खातं 'सेटल्ड' म्हणून पडतं आणि तो शेरा वर्षानुवर्षं छळतो. पूर्ण भरा, खातं 'क्लोज्ड' करून घ्या, पत्र घ्या.

ब्रोकरला आधार द्यायचं तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. किती अनोळखी मोबाइलमध्ये तुमचा पॅन, पगार आणि घरचा पत्ता पडून आहे याचा एकदा विचार करा. टोकन देताना व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, सौदा मोडला तर किती दिवसांत परत. सिबिल मागितलाच तर आधी बँक स्टेटमेंटमध्ये भाड्याच्या नोंदींवर खूण करून पाठवा, सोबत आधीच्या मालकाचा नंबर द्या, त्यांची परवानगी घेऊन. आणि कमिटीने नाकारलं तर नियम लेखी मागा. मालक तुमच्या बाजूचा असेल तर त्यालाच उपनिबंधकांकडे अर्ज करायला सांगा, सभासद तो आहे, त्याचा अर्ज ऐकला जातो.

भाचीला घर मिळालं, पूनम नगरला, तिसऱ्या मजल्यावर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी सिबिल विचारला नाही, गाव विचारलं ते गप्पांच्या ओघात. तिच्याकडून मरोळच्या पीजीवाल्या काकूंचा नंबर घेतला, आमच्यासमोर फोन लावला आणि दोनच गोष्टी विचारल्या: पैसे वेळेवर द्यायची का, आणि जाताना खोली नीट ठेवून गेली का. दहा दिवसांत कराराची नोंदणी झाली. खिडकी पाच फुटांची निघाली, रॉड नव्याने मापावा लागला.

अंधेरीत ज्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे त्या वाचकांना माझी विनंती आहे. आधीच्या घरमालकाला एक फोन करा. नाही म्हणायचं असेल तर ब्रोकरवर सोपवू नका, त्या माणसाला स्वतः दोन ओळी लिहा आणि त्यात खरं कारण लिहा. आणि टोकन त्याच दिवशी परत करा.